चिलटाचं बारसं

आमच्या घरात मुलाचं नाव आत्या ठेवते. हे काही आमच्याच घरात आहे असं नाही, पण आमच्यात ते जरा जास्तच आहे. माझं अस्मिता हे नाव माझ्या आत्याने ठेवलं. बाबांच्या मनात सुशीला होतं, पण तिच्यापुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. धाकट्या उत्कर्षचं नावही तिचंच. ती पाळण्यात वाकून एकदा बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. मी लहानपणी हे पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की मोठेपणी आपण आत्या व्हायचं. डॉक्टर आणि कलेक्टर काय, लोक होतच असतात.

आत्या व्हायला भाऊ लागतो, तो मला होता. भावाचं लग्न व्हावं लागतं, तेही झालं. मैथिलीला मीच पसंत केली असं मी सांगते तेव्हा ती दोघं एकमेकांकडे बघून हसतात. पुढची पायरी मात्र माझ्या हातात नव्हती. त्यांना मूल नाही. तो त्यांचा प्रश्न आहे, त्यात आपण पडू नये, असं मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नसलं तरी. पण त्यांच्या लग्नात अक्षता टाकताना मी मनात एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते तसंच पडून राहिलं. न नेसलेल्या साडीला अधूनमधून ऊन दाखवतो तसं मी ते आठवायची आणि परत ठेवून द्यायची. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. आई, उत्कर्ष, मैथिली आणि मी. मी लग्न केलं नाही, शाळेत इतिहास शिकवते, आणि मुलं म्हणतात की मला पटकन राग येतो. उत्कर्ष रोज बाजव्याकडे नोकरीला जातो. मैथिली चिलटं शोधते. हे मी चेष्टेने म्हणत नाही, तिला त्याचाच पगार मिळतो. सुरतेकडच्या कोळशाच्या खाणीत तिला राळेचे तुकडे सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिकडे घनदाट जंगल होतं, झाडांना राळ सुटायची, राळेत किडे अडकायचे. पुढे झाडं गेली, जंगल गेलं आणि ती राळ जमिनीत गाडली जाऊन दगडासारखी घट्ट झाली. तिला अँबर म्हणतात. मैथिली तो मधाच्या रंगाचा खडा घासून पातळ करते आणि आत कोण बसलंय ते सूक्ष्मदर्शकातून बघते. इतरांच्या भावजया मोबाइल बघून डोळे बिघडवतात, आमची पाच कोटी वर्षांपूर्वीची चिलटं बघून.

एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. मी कणीक मळत होते. म्हणाली, ताई, नवीन निघालं. तिला एक चिलट सापडलं होतं आणि अशा जातीचं चिलट जगात आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. आता त्याची सगळी माहिती लिहून छापायची आणि त्याला नाव द्यायचं. माझे हात परातीत थांबले.

"नाव कोण ठेवणार?" मी विचारलं.

"आम्हीच. मी आणि हेरंब सर. ज्याने शोधलं त्याने ठेवायचं."

"म्हणजे ते तुझं."

"एका अर्थी."

"तुझं म्हणजे उत्कर्षचंही."

उत्कर्ष बाहेरून ओरडून म्हणाला की त्याचा यात काही हात नाही. मी म्हटलं, बायको तुझी आहे ना, मग हात आहे. आणि ते तुझं असेल तर मी त्याची आत्या आहे, आणि नाव मी ठेवणार.

दोघंही हसली. उत्कर्ष तर पोट धरून हसला. मग मैथिलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली. हात कणकेने भरलेले होते, त्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते. तिने पदराने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, बारसं करू या.

तिची एक अट होती. नाव छापून येईपर्यंत ते बाहेर फुटता कामा नये. आधी गवगवा झाला तर भानगडी होतात, दुसरंच कोणी ते वापरून मोकळं होतं. म्हणजे बारशाला कानात सांगायचं ते कानातच ठेवायचं, नंतर सगळ्यांना मोठ्याने सांगायचं नाही. मी तोंड वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहे, तरी मी कबूल झाले. आणि दुसरं, हेरंब सरांचा होकार लागेल. ते तिचे वरिष्ठ, हयात अँबरमध्ये घालवलेले गृहस्थ, आणि संशोधनाच्या पेपरावर त्यांचंही नाव असणार.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले की नावाला शास्त्रीय आधार हवा. या चिलटाच्या पंखातली एक शीर आखूड आहे, तेव्हा नाव आखूड शिरेवरून ठेवावं. मी म्हटलं, सर, मुलीला कोणी आखूडशिरी म्हणून हाक मारतं का? त्यावर ते म्हणाले, तसं असेल तर त्यांच्या कैलासवासी गुरुजींचं नाव द्यायचं त्यांच्या फार दिवसांपासून मनात आहे. मी म्हटलं, गुरुजी थोर असतील, पण मुलगी आमची आहे. शेवटी असं ठरलं की खडा त्यांच्या ताब्यात आहे आणि त्यांच्याशिवाय तो कुठे जात नाही, तेव्हा बारशाला ते स्वतः तो घेऊन येतील. मी सुचवलेलं नाव ऐकतील. पटलं तर ठीक, नाहीतर गुरुजी.

मुलगी हे मैथिलीनेच सांगितलं होतं. नर असता तर मिशा पिसासारख्या झुपकेदार असत्या, हिच्या साध्या आहेत. हे ऐकून आईने जेवण टाकलं. आमचे पणजोबा प्रतापसिंहराव संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घराण्यात त्यांचं नाव अजून कोणाला दिलेलं नाही, याची आईला खंत आहे. मैथिलीने तिला समजावलं की चिलट तिळाहूनही लहान आहे. आई म्हणाली, पणजोबाही जन्मले तेव्हा लहानच होते.

खालच्या मजल्यावरच्या नयनाबेननी वेगळाच प्रश्न काढला. त्यांच्यातही नाव आत्याच ठेवते, तिला त्या फोई म्हणतात, त्यामुळे माझ्या हक्काला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. पण त्या म्हणाल्या, "अस्मिताबेन, राशि शुं छे?" राशीवरून अक्षर निघतं आणि अक्षरावरून नाव. राशीसाठी जन्मवेळ हवी, जन्मस्थळ हवं. मैथिलीला विचारलं तर ती म्हणाली, जन्मस्थळ सुरत जिल्हा, पण सुरत तेव्हा तिथे नव्हती, अख्खा भारतच खाली विषुववृत्तापाशी होता. वेळ बहुधा संध्याकाळची, चिलटं संध्याकाळी फार होतात. नयनाबेननी बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं.

बारसं रविवारी ठेवलं. गोकुळाष्टमीचा बाळकृष्णाचा पितळी पाळणा होताच, तो चिंचेने घासला, झेंडू लावले, आत मऊ सुती कापड घातलं. मी रात्री हरभरे भिजवले आणि सकाळी घुगऱ्या केल्या, खोबरं-कोथिंबीर पेरून मोठं पातेलं पाळण्याशेजारी ठेवलं. मैथिलीने टीपॉयवर सूक्ष्मदर्शक मांडला. इमारतीतल्या बायका आल्या. त्यांना आम्ही घरचं छोटं कार्य आहे एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येक बाई आत येऊन आधी मैथिलीच्या पोटाकडे बघायची आणि मग गोंधळून पाळण्याकडे.

हेरंब सर बरोबर वेळेवर आले. पांढरा सदरा, खिशात डबी. डबीतून त्यांनी कापसात ठेवलेला खडा काढला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, हरभऱ्याच्याच रंगाचा, मध्ये काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माझी भाची. मी ओवाळलं. आईने कोणाला काही कळायच्या आत करंगळीवर काजळ घेतलं आणि दृष्ट लागू नये म्हणून खड्याला तीट लावली, ती नेमकी भाचीच्या वर. सरांनी डोळे मिटून श्वास घेतला. मैथिलीने कापसाने तीट पुसली आणि म्हणाली, काही होत नाही सर.

मग पाळण्याच्या खालून वरून घ्यायचं झालं, आधी वरवंटा, मग खडा. सरांनी खडा कोणाच्या हातात दिला नाही. ते स्वतःच पाळण्याच्या दोन्ही बाजूंना धावत राहिले, इकडून द्यायचे आणि तिकडे जाऊन घ्यायचे. आमचे विधी इथे संपले. पण नयनाबेन म्हणाल्या, झोळीशिवाय नाव पडतं होय? त्यांच्यात चौघं जण कापडाचे चार कोपरे धरतात, आत पिंपळाचं पान ठेवतात आणि बाळाला झुलवतात. त्या पान घेऊनच आल्या होत्या. बडोद्यात इतकी वर्षं राहून नाही म्हणायची आमची पद्धत नाही. आम्ही गणपतीही बसवतो आणि नवरात्रात गरब्यालाही जातो, मग बारसं एकाच पद्धतीचं कशाला?

एक कोपरा नयनाबेननी धरला, एक मैथिलीने, एक उत्कर्षने आणि एक सरांनी. पानात खडा आणि सुपारी ठेवली, पान दुमडलं. आता उत्कर्ष सहा फूट उंच, सर त्याच्या खांद्याएवढे, म्हणजे कापड आधीच तिरकं. त्यात नयनाबेन म्हणजे नवरात्रात रात्र रात्र गरबा खेळून दुसऱ्या दिवशी पापड लाटणारी बाई. पहिले झोके त्यांनी हळू दिले. मग त्यांना गाणं आठवलं. गाण्याबरोबर ताल आला आणि शेवटचा झोका असा दिला की सरांचा चष्मा कपाळावर गेला. झोळी खाली ठेवली, सरांनी दुमडलेलं पान तसंच उचलून पाळण्यात निजवलं. पान दुमडलेलं होतं, म्हणून कोणी आत बघितलं नाही.

तेवढ्यात आईची खायची वेळ झाली. तिने इन्सुलिन घेतलं होतं आणि त्यानंतर तिला थांबून चालत नाही. म्हटलं, आधी घुगऱ्या वाटू, मग निवांत नाव ठेवू. सगळ्यांना वाट्या दिल्या. सर खुर्चीत ताठ बसून खात होते. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी गालात काहीतरी इकडून तिकडे फिरवलं, दाढेखाली धरून पाहिलं, मग चमच्यावर काढून वाटीत ठेवलं.

"दाणा कच्चा राहिलाय," ते म्हणाले.

माझ्या घुगऱ्या. मी रात्री उठून दाणे दाबून पाहिलेले. मी तिथे नाव ठेवायला उभी होते आणि हा माणूस माझ्या घुगऱ्यांना नावं ठेवत होता, तेही बायकांसमोर. मी म्हटलं, सर, दाणा कच्चा असणं शक्य नाही. ते म्हणाले की ते फक्त निरीक्षण सांगत आहेत. दाणा पूर्ण कच्चा आहे, दात लागत नाही आणि चवही नाही. निरीक्षण हा शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली, लहान कुकरमध्ये ती अख्खी रिकामी केली, पाणी घातलं आणि गॅस मोठा केला. उत्कर्ष म्हणाला, ताई, एका वाटीसाठी कुकर? मी म्हटलं, पाहुणे आहेत, पाच शिट्ट्या करते.

मग मी हात धुऊन, पदर सारखा करून पाळण्यापाशी आले. इतक्या वर्षांनी ती वेळ आली होती. सरांनी पान उचललं, उलगडलं. आत सुपारी होती.

त्यांनी पान उलटं केलं. मग पाळण्यातलं कापड उचललं. खाली वरवंटा होता. झोळी झटकली, त्यातून काही पडलं नाही. सरांचा चेहरा सदऱ्यासारखा पांढरा झाला. मैथिली म्हणाली, कोणीही जागचं हलू नका. सगळ्या बायका वाट्या हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. उत्कर्षने पडदे झटकले. नयनाबेननी पदर झटकला आणि मग भीतीने रडायलाच लागल्या. सर गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घालत होते. आतून पहिली शिट्टी झाली.

"धूप कोणी लावला गं?" आईने विचारलं.

कोणीच लावला नव्हता. पण वास येत होता. खरंच देवघरासारखा वास, राळेचा, गोडसर, आणि तो स्वयंपाकघरातून येत होता. दुसरी शिट्टी झाली. मैथिलीने मान वर केली. ती रोज राळ घासते, हा वास तिच्या कपड्यांना असतो. तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग सोफ्याखालच्या सरांकडे.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तो दाणा कसा होता?"

"कडक," सर सोफ्याखालूनच म्हणाले. "हलका. गुळगुळीत. आणि दगडासारखा गार नव्हे."

एवढं बोलून ते थांबले. अँबर कसा ओळखावा हे विद्यार्थ्यांना शिकवताना ते अगदी हेच शब्द वापरतात, असं मैथिलीने मला नंतर सांगितलं. ते बराच वेळ सोफ्याखालून बाहेर आलेच नाहीत.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. उत्कर्षने चमच्याने शिट्टी उचलायला हात घातला तर मैथिलीने त्याचं मनगट पकडलं. वाफ एकदम सोडली तर खडा एकदम गार होईल आणि तडकेल. आपोआप निवू द्यायचा. म्हणजे थांबायचं. तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं, आणि ओट्यापाशी आम्ही दोघीच उरलो, मध्ये तो कुकर.

मला पाच कोटी वर्षांत एक भाची मिळाली होती आणि मी तिला शिजवलं होतं. पंख, मिशा, ती आखूड शीर, सगळं त्या पाण्यात. रागापायी. आता सर गुरुजींचं नाव तरी कशाला देतील? नाव द्यायला काही उरलंच नसेल. आणि मैथिलीचं काम गेलं, ते वेगळंच. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

"मैथिली, मी तुझं चिलट शिजवलं," मी म्हटलं.

"दोनच शिट्ट्या झाल्यात," ती म्हणाली.

मग ती कुकरकडे बघत राहिली आणि बघता बघताच म्हणाली, "ताई, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात. एवढी सगळी वर्षं."

"कशासाठी?"

"तुम्हाला आत्या होता आलं नाही म्हणून."

मला वर्गात कोणी काही विचारलं तर उत्तर तयार असतं. चुकीचं का असेना, असतं. इथे मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. मी म्हटलं, रागावले नाही गं, वाईट वाटायचं. ती म्हणाली, मलाही. एवढंच बोलणं झालं. कुकर निवला तेव्हा झाकणाला आम्ही दोघींनी एकदमच हात घातला.

हरभऱ्यांचा पार लगदा झाला होता. त्यात एकच दाणा शाबूत. मी तो बोटांनी काढला, मैथिलीने कोमट पाण्यात धुतला, मऊ फडक्याने टिपला आणि बाहेर आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ती बघत राहिली. मग मैथिली बाजूला झाली आणि तिने सरांना बघायला सांगितलं. सरांनी चष्मा वर केला, वाकले, बराच वेळ पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "सगळी आहे."

भाचीला काही झालं नव्हतं. फक्त आचेने खड्यात, बरोबर तिच्या डोक्यामागे, एक गोल सोनेरी भेग उमटली होती, देवांच्या फोटोत असते तशी. आईने ती बघून हात जोडले आणि विचारलं की प्रतापसिंहरावांचा पुन्हा विचार करता येईल का. सर म्हणाले, नमुन्यावर जे जे झालं ते पेपरात लिहावंच लागतं. मैथिली आणि ते तिथेच बसून वाक्य जुळवायला लागले आणि 'नमुना काही काळ दाबाखालील वाफेच्या संपर्कात आला' इथपर्यंत पोचले. उत्कर्ष म्हणाला, खोबरं-कोथिंबीरही लिहा.

मग सर माझ्याकडे आले. त्यांनी मला खिडकीपाशी बोलावून सांगितलं की तो खडा त्यांच्या तोंडात होता ही गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, आणि नाव? ते म्हणाले, तुम्ही ठेवाल ते. गुरुजींसाठी पुढे एखादा भुंगा बघू. मी त्यांना शब्द दिला. आता मी हे सगळं सांगते आहे हे खरं, पण मला एका वेळी एकच गुपित सांभाळता येतं आणि माझ्याकडे आधीच एक आहे.

शेवटी मी सूक्ष्मदर्शकापाशी बसले. कान कुठे असतात ते मैथिलीने सांगितलं, मिशांच्या मुळाशी. मी डोळा लावला. मला वाटलं होतं, किडा दिसेल. तसा तो किडाच होता. पण तिच्या पंखांना बारीक केस होते आणि एक पाय तिने उचललेला होता, निघालेली असताना कोणीतरी थांब म्हणावं तसा. तिला कोणीही कधीच हाक मारलेली नव्हती. मला ती आवडली. मला ती फार आवडली. मी डोळा न काढताच पुटपुटले, "कुर्र," आणि अक्षतांच्या वेळी ठरवलेलं नाव तिला सांगितलं.

आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत आहे. इतर बायकांनी हळू घातले. नयनाबेननी मघाचं सगळं रडू त्या एका धपाट्यात घातलं आणि माझा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर असा आपटला की मला तारे दिसले. सगळ्या ओरडत होत्या, नाव सांगा, नाव सांगा. मी डोळा धरून बसले आणि सांगितलं नाही. आईने शपथ घातली, तरी सांगितलं नाही. फक्त मैथिलीच्या कानात सांगितलं, कारण पेपर तिला लिहायचा होता. तिने विचारलं, हे कधीपासून होतं तुमच्या मनात? मी म्हटलं, तुझ्या लग्नापासून. तिने ते नाव स्वतःशीच एकदा हळूच म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले होते. डोळ्याभोवती जांभळं कडं उमटलं होतं आणि ते पावडरीने झाकता येतं का ते मी आरशात बघत होते. स्वयंपाकघरातून मैथिलीने हाक मारली.

"आत्या, कुकरमधल्या त्या लगद्याचं काय करायचं?"

मी आरशातूनच मागे बघितलं, कोण आत्या आली सकाळीसकाळी म्हणून. मागे कोणीच नव्हतं. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, घाईची, घरात रोज मारतात तशी. मी ओ दिली.